रिपोर्टमधल्या 'मॉट सेल्स'ला किती घाबरायचं?

डिचोलीच्या ताई, बाबांच्या बोन मॅरो रिपोर्टात '३२ टक्के प्लाझ्मा सेल्स, त्यांत मॉट सेल्स आणि फ्लेम सेल्स' वाचून तुम्ही विचारलंय, की हा मायलोमा, म्हणजे प्लाझ्मा सेल्सचा कॅन्सर, जास्त वाईट जातीचा आहे का. मी डॉक्टर नव्हे. लॅबमध्ये स्लाइडी रंगवण्यात सगळी नोकरी झाली, आता म्हापशाला घरीच असतो.

प्लाझ्मा सेलचं काम अँटीबॉडी बनवायचं. एरवी ती लांबट गोल, केंद्रक एका कडेला सरकलेलं. पण माल तयार होतोय आणि बाहेर जात नाही, असं झालं की प्रोटीन आतच थिजतं आणि त्याचे गोळे होतात. त्यांना रसेल बॉडीज म्हणतात. पेशी अशा गोळ्यांनी गच्च भरली की ती मॉट सेल. दिसते थेट भिजवलेल्या साबुदाण्याच्या पुरचुंडीसारखी! १८९० मध्ये एडिंबरोच्या विल्यम रसेलना हे गोळे म्हणजे कॅन्सर करणारे जंतूच वाटले होते. तेव्हा तुम्ही दचकलात यात नवल नाही. जुनाट इन्फेक्शनमध्येही मॉट सेल्स दिसतात. आजार किती जोराचा आहे, हे त्यांच्यावरून ठरत नाही.

फ्लेम सेलच्या कडा लालसर गुलाबी असतात. आयजीए नावाची अँटीबॉडी बनवणाऱ्या मायलोमात त्या जास्त आढळतात, पण इतरांतही. प्रकार कोणता ते रक्ताच्या इम्युनोफिक्सेशन चाचणीवरून कळतं.

रूपावरून काळजी करायची तर 'प्लाझ्माब्लास्टिक' शब्दाची. मोठं केंद्रक, आत ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका), अशा कोवळ्या पेशी. तो आजार जोराचा असतो. कधी पेशी इतक्या बारक्या असतात की लिम्फोमा, म्हणजे लिम्फ पेशींचा कॅन्सरच वाटावा. मी स्वतः अशी एक स्लाइड लिम्फोमाच्या ट्रेमध्ये ठेवली होती. सीडी १३८ चा, म्हणजे प्लाझ्मा सेल ओळखू येणारा, रंग चढल्यावर सरांनी बोलावून दाखवली, आणि वर अर्धा तास ऐकवलं. या बारक्या पेशींत ११ आणि १४ क्रोमोसोमची अदलाबदल बऱ्याचदा सापडते. म्हणून बाबांचा नमुना फिश टेस्टला (क्रोमोसोममधले बदल शोधणारी चाचणी) गेला का, हे आधी विचारा. पुढचा अंदाज त्यावर जास्त ठरतो. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिनही बघा.

आणि ३२ आकड्याला धरून बसू नका. सुईने ओढलेल्या मॅरोत रक्त मिसळलं की टक्का कमी दिसतो. बायोप्सीच्या तुकड्यातला आकडा वेगळा असेल तर दोहोंतला मोठा धरतात.

कंबर दुखते म्हणून बाबा डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेत असतील, तर आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. मायलोमात मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, या गोळ्यांनी तो वाढतो.

दुसरं मत घ्यायला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाणार असाल तर मूळ स्लाइडी आणि बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) लॅबकडून मागून न्या. रिपोर्टची झेरॉक्स बघून पेशी दिसत नाहीत.