वाचकांचे प्रश्न : सांध्यावर तुटणाऱ्या चौकटी

प्रश्न : माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा डीएसएलआर आणि 18-55 मि.मी. लेन्स आहे. व्हर्च्युअल टूरसाठी खोल्यांची 360 अंशांची छायाचित्रे जोडताना खिडक्यांच्या चौकटी आणि खुर्च्यांच्या पाठी सांध्यावर तुटलेल्या दिसतात. फिशआय (अतिशय रुंद दृश्य टिपणारी) लेन्स घ्यावी की एका क्लिकमध्ये काम करणारा 360 कॅमेरा?

उत्तर : दोन्हींच्या आधी पॅनोरमा हेड, म्हणजे ट्रायपॉडवर बसणारा आणि कॅमेरा पट्टीवर पुढेमागे सरकवून फिरवू देणारा भाग, घ्यावे. साध्या ट्रायपॉडवर कॅमेरा स्क्रूभोवती फिरतो आणि लेन्स त्या अक्षाच्या पुढे राहते. त्यामुळे प्रत्येक छायाचित्रात लेन्सची जागा बदलते, जवळची खुर्ची मागच्या भिंतीच्या तुलनेत सरकते, आणि हा पॅरलॅक्स सॉफ्टवेअरला पूर्णपणे झाकता येत नाही. मोकळ्या मैदानात तो सहसा जाणवत नाही. खोलीत मात्र लपत नाही.

फिरण्याचा अक्ष लेन्सच्या एंट्रन्स प्युपिलमधून, म्हणजे समोरून पाहिल्यावर ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) जिथे असल्याचे भासते त्या जागेतून, जायला हवा. ही जागा शोधण्यासाठी एक उभी काठी जवळ ठेवून ती दूरच्या एखाद्या उभ्या कडेशी जुळवावी, कॅमेरा डावीउजवीकडे फिरवावा आणि दोन्ही रेषा एकमेकींपासून हलेनाशा होईपर्यंत हेडची पट्टी पुढेमागे करावी. मिळालेला आकडा लिहून ठेवावा. झूम लेन्सवर फोकल लेंग्थ बदलली की तोही बदलतो.

तुमच्या 18 मि.मी. लेन्सने काम होईल, पण संपूर्ण गोलासाठी तीन ओळींत मिळून तीसच्या आसपास छायाचित्रे लागतील. 8 मि.मी. फिशआयने सभोवतीची सहा, वरचे एक आणि खालचे एक एवढी पुरतात. बऱ्याच खोल्या टिपायच्या असतील, तरच हा खर्च सार्थ ठरतो.

एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हे तिन्ही मॅन्युअलवर ठेवून एफ/8 ॲपर्चरवर, शेजारच्या छायाचित्रांत पाव ते तृतीयांश भाग सामाईक राखून टिपावे. खिडकीबाहेर ऊन आणि आत अंधार असल्यास प्रत्येक दिशेला एक्स्पोजर ब्रॅकेटिंग करावे, म्हणजे कमीअधिक एक्स्पोजरची अनेक छायाचित्रे घ्यावीत.

360 कॅमेऱ्यात पाठीला पाठ लावलेल्या दोन लेन्स असतात. त्यांच्यात थोडे अंतर असल्याने पॅरलॅक्स तिथेही उरतोच; म्हणून जवळच्या वस्तूंकडे लेन्सचे तोंड करावे आणि कॅमेऱ्याची कड मोकळ्या बाजूला ठेवावी. जाहिरातीतील रिझोल्यूशनला मी फारसे भुलणार नाही : 6000 पिक्सेल रुंदीच्या चित्रातून 90 अंशांचा भाग पाहताना पडद्यावर 1500 पिक्सेलच येतात. घाईच्या कामाला तो सोयीचा आहे, बारकाव्यांसाठी नाही.

प्रश्न : जोडणीसाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे, आणि खाली दिसणारा ट्रायपॉड कसा काढावा?

उत्तर : हगिन विनामूल्य आहे आणि शिकण्यासाठी पुरेसे आहे, पीटीगुई विकत घ्यावे लागते, पण रोजच्या कामात वेळ वाचवते. जमिनीचे एक जादा छायाचित्र ट्रायपॉड बाजूला करून हातात कॅमेरा धरून घ्यावे आणि मास्क (कोणता भाग ठेवायचा आणि कोणता झाकायचा ते सांगणारी खूण) वापरून ट्रायपॉडचा तेवढाच भाग त्यातून भरावा.