व्हेनिसमध्ये तीन-चार दिवस कसे घालवावेत

व्हेनिससमोरच्या मुख्य भूमीवरील मेस्त्रेमध्ये खोली स्वस्त मिळते, हे खरे. तरीही मुक्काम व्हेनिस शहरातच करावा, असे मी आग्रहाने सुचवेन, कारण दिवसापुरती आलेली गर्दी परतल्यानंतरची संध्याकाळ आणि ती येण्यापूर्वीची सकाळ या दोनच वेळी हे शहर मनासारखे पाहता येते. पोहोचल्यावर रेल्वे स्थानकासमोरून १ क्रमांकाची वापोरेत्तो, म्हणजेच सार्वजनिक बोट, पकडून ग्रँड कॅनॉलमधून सान मार्को चौकापर्यंत जावे. तेथील बॅसिलिकात, म्हणजे भव्य चर्चमध्ये, जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. छतावरील सोनेरी मोझेइकइतकेच लक्ष पायाखालीही द्यावे, कारण जमीन खचून तेथील संगमरवरी फरशी उंचसखल झाली आहे.

माझ्या मते सर्वाधिक वेळ स्कुओला ग्रांदे दी सान रोक्को या जुन्या धार्मिक बंधुसंघाच्या वास्तूला द्यावा. चित्रकार तिंतोरेत्तोने १५६४पासून वीसहून अधिक वर्षे खपून ही वास्तू चित्रांनी भरून काढली. मान अवघडू नये म्हणून तेथे हाती घेण्यासाठी आरसे ठेवलेले असतात, ते अवश्य घ्यावेत आणि छताचा एकेक भाग सावकाश पाहावा. शेजारच्याच फ्रारी चर्चमध्ये चित्रकार टिशियनचे १५१८ सालचे भव्य वेदीचित्र आहे.

रिआल्तोचा मासळीबाजार सकाळीच गाठावा. रविवारी आणि सोमवारी तो बंद असतो. एक दिवस तोर्चेल्लो बेटासाठी राखून ठेवावा. ऑक्टोबर ते जानेवारीत जाणार असाल, तर भरतीचा अंदाज रोज पाहावा. २०२०पासून समुद्राकडील जलरोधक दरवाजे मोठी भरती अडवतात, परंतु सान मार्कोचा परिसर इतका सखल आहे, की लहान भरतीतही तेथे पाणी येऊ शकते.