पासपोर्टवर 'अझरबैजानी' लिहिलंय, तर ते तसंच राहू द्या

ताई, सुनेच्या आजोबांच्या सोव्हिएत पासपोर्टवर जमात म्हणून 'अझरबैजानी' आहे, घरचे स्वतःला आहिस्का तुर्क (म्हणजे मूळचे जॉर्जियातले तुर्क) म्हणवतात, तर नागरिकत्वाच्या अर्जाआधी भाषांतरात ते दुरुस्त करून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून करू नका. आम्ही तेच केलं होतं.

माझ्या सासऱ्यांना नोव्हेंबर 1944 मध्ये, सहा वर्षांचे असताना, जॉर्जियातल्या अखाल्त्सिखेजवळच्या गावातून सोव्हिएत सरकारने मालगाडीत कोंबून उझबेकिस्तानात नेलं. जून 1989 मध्ये फरगाना खोऱ्यात (आपण शाळेत शिकलो ते बाबराचं फरगाना) तुर्कांची घरं जाळली, तेव्हा लष्करी विमानाने रशियात. मग दक्षिण रशियातलं क्रास्नोदार, आणि 2005 मध्ये इथे अमेरिकेत डेटनला.

जॉर्जियाने 2007 मध्ये या हद्दपार झालेल्यांसाठी परतीचा कायदा केला. अर्जाची मुदत अखेर 1 जानेवारी 2010 पर्यंत वाढली होती. त्यासाठी आम्ही इथल्या एका मदत कार्यालयात गेलो. नाव घेत नाही. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, दोन कागदांवर दोन जाती चालणार नाहीत, सगळीकडे 'तुर्क' करून टाका. मी मान डोलावली. मूळ कागद एक म्हणतो, भाषांतर दुसरंच, यावरच फाईल अडली. पत्रव्यवहार चालू असतानाच सासरे गेले. ते मला अजून सलतं.

अहो, सोव्हिएत अधिकाऱ्यांनीच यांच्यातल्या कित्येकांना 'अझरबैजानी' म्हणून नोंदवलं होतं. ती नोंद हा त्यांच्यावरच्या अन्यायाचाच भाग आहे, ती पुसायची कशाला? भाषांतर अक्षरशः मुळासारखं ठेवा आणि खुलाशाचं प्रतिज्ञापत्र वेगळं जोडा. मी वकील नाही, तेव्हा सही करण्याआधी वकिलाला दाखवाच.

आणखी एक. क्रास्नोदारमध्ये यांना राहण्याची कायमची नोंदणी देत नसत, दर 45 दिवसांनी तात्पुरती करून घ्यावी लागे. सासूबाईंनी त्या चिठ्ठ्या चहाच्या डब्यात घड्या घालून ठेवल्या होत्या, जांभळे शिक्के पार फिकटलेले. घर आवरताना मी त्या टाकायला निघाले होते! घर जळालेल्या माणसाकडे जन्मदाखला नसतो, पण अशा चिठ्ठीवर नाव आणि जन्मसाल सापडतं. तुमच्याकडेही डबे, उशांचे अभ्रे, कुराणाचं वेष्टण, सगळं बघा.

सापडल्या तर नावं-पत्ते झाकून इथे फोटो टाका. मला रशियन वाचता येतं, कोणती चिठ्ठी कशाची ते सांगेन.