पियानोच्या पट्ट्यांकडे न बघता वाजवायचं म्हणजे नक्की काय करायचं

अगं, तुझा मेसेज वाचला. मान खाली घातल्याशिवाय हात हलतच नाही म्हणतेस. पट्ट्यांकडे बघणं काही पाप नाहीये, पण डोळे खाली गेले की नोटेशनमधली ओळ सुटते, ती परत सापडेपर्यंत ताल गेलेला असतो आणि मग वैतागून तू अख्खा पीस पाठच करून टाकतेस. ग्रेडच्या परीक्षेत साइट रीडिंगला, म्हणजे न पाहिलेलं पान बघताक्षणी वाजवायला, हे कसं चालणार?

तू पेटीवरून आलीयेस, त्यामुळे काळी एक, काळी दोन तुला नव्याने सांगायला नको. पियानोच्या ८८ पट्ट्यांत काळ्या ३६, आणि त्या दोन-तीन, दोन-तीन अशाच येत राहतात, त्यांनाच चाचपायचं. हात मांडीवर, नजर समोर, मग काळ्यांवरून बोटं हलकेच फिरव, दाबू नकोस. दोघींची जोडी लागली की मधली पांढरी म्हणजे डी हा सूर, जोडीला लागून डावीकडची सी, तिघींच्या डावीकडची एफ. खात्री झाली की मगच दाब, चुकलं तर कान सांगेलच, तेव्हाही खाली बघायचं नाही, हात परत मांडीवर आणि पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणं आहे, मान्य, तरी रोज दहा मिनिटं कर.

स्टूल मात्र रोज त्याच जागी हवं, बेंबी साधारण मधल्या डीसमोर, नाहीतर हाताचा अंदाज रोज बदलतो. एका सीपासून पुढच्या सीपर्यंतचं अंतर साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास, ते अंगठा-करंगळीला सवयीने कळायला लागतं. घरचा कीबोर्ड छोट्या पट्ट्यांचा असेल तर हे माप पियानोवर जुळणार नाही हं.

डोळ्याला रुमाल बांधून वाजवायचे व्हिडिओ सोड, आपले डोळे कागदावर हवेत, बंद नकोत. पियानोवादक नोबुयुकी त्सुजी जन्मापासून दृष्टिहीन, २००९ मध्ये व्हॅन क्लायबर्न पियानो स्पर्धेचं सुवर्णपदक विभागून मिळालं त्याला, म्हणजे हाताला हे जमतं यात शंका नको. लांब उडी असेल तिथे खुशाल बघ, फक्त नजर खाली, मान नाही.

आणि आता निफाडकडची थंडी सुरू झालीये, सकाळी बोटं बधिर असली तर काळी-पांढरीची कडसुद्धा कळत नाही, आधी कोमट पाण्यात हात धर. रविवारी गंगापूर रोडला येशील तेव्हा पाठ झालेलं काही आणू नकोस, कधीच न वाजवलेलं एक सोपं पान घेऊन ये.