माळ्यावरची गिटार खाली काढली, आता पुढे काय?

यावेळी जुन्या गिटारबद्दल बरीच पत्रं आली. जमतील तेवढ्यांना इथे उत्तर देतोय.

प्रश्न : नमस्कार दादा, शनिवार पेठेतलं जुनं घर आवरताना माळ्यावर बाबांची गिटार सापडली. कॉलेजात असताना ते फिरोदिया करंडक या कॉलेजांच्या स्पर्धेत वाजवायचे त्यातलीच ही. तारा पार गंजलेल्या, म्हणून मी उत्साहात नवीन तारा आणून चढवल्या आणि चार दिवसांत ब्रिज (फळीवर चिकटवलेली, तारा अडकवायची लाकडी पट्टी) मागच्या बाजूने उचलला गेला, आता तारा इतक्या वर गेल्यात की बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) बोटच दाबत नाही. ओळखीचा सुतार म्हणतो फटीत फेविक्विक सोडतो, पाच मिनिटांचं काम आहे. करू का? बाबांना वाढदिवसाला द्यायचीय. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : फेविक्विक नको, आणि हे वाचून झालं की आधी तारा ढिल्या करा, उद्यावर टाकू नका. दुकानात सहज मिळतो तो १२ नंबरचा सेट सुरात आणला की सहा तारा मिळून ७०-७५ किलोचा ताण होतो, म्हणजे एक अख्खा माणूस त्या ब्रिजला रात्रंदिवस लटकलाय असं समजा. इतकी वर्षं माळ्यावर उन्हाळे-पावसाळे काढून आतला गोंद वाळून गेलेला, त्यावर एकदम हा भार आला तर तो सुटणारच, यात तुमची गिटार वाईट आहे असं काही नाही.

आता ब्रिज किती सुटलाय ते बघा. साध्या कागदाचा तुकडा मागून फटीत सरकवा आणि कुठे अडतो तिथे पेन्सिलची खूण करा. नखभर जात असेल तर सध्या हलक्या तारा लावून लक्ष ठेवलं तरी चालतं, पण अर्ध्यापर्यंत जात असेल तर पूर्ण काढून परत चिकटवणं हाच उपाय. फटीत फेविक्विक किंवा अ‍ॅरल्डाइट सोडलं तर ते जुन्या गोंदाच्या थरावर बसतं, लाकडाला लाकूड भिडतच नाही, काही महिन्यांनी परत सुटतं आणि तेव्हा मात्र वरच्या फळीची साल सोबत घेऊन येतं. माझं एवढंच म्हणणं असतं की घरी जे कराल ते नंतर कुणाला तरी उलगडता आलं पाहिजे, जे उलगडणार नाही त्याला हात लावू नका.

काढायच्या आधी मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन साउंडहोलमधून, म्हणजे फळीच्या गोल भोकातून, आत बघा. फळीला खालून आडव्यातिडव्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यातली एखादी सुटलेली असेल तर वरून बोटाच्या पेराने ठोकल्यावर ठक्क ऐवजी खडखड असा आवाज येतो, मग आधी तिचं काम. आणि ब्रिजवर दोन पांढरे ठिपके दिसतात ना, त्या काळच्या बऱ्याच स्वस्त गिटारींमध्ये त्याखाली बोल्ट लपवलेले असतात, ते न काढता ओढाओढ केली तर फळी फाटते. ठिपका सुईच्या टोकाने अलगद उचकटून बघा.

मग तारा, त्या अडकवायच्या पिना आणि सॅडल बाहेर (सॅडल म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पातळ पट्टी, प्लॅस्टिकची असेल तर इस्त्रीने वितळेल). ब्रिजच्या मापाचं भोक पाडलेला पुठ्ठा, वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून, फळीवर ठेवा म्हणजे बाकीच्या पॉलिशला धग लागणार नाही. ब्रिजवर सुती कापडाची घडी आणि त्यावर मध्यम गरम इस्त्री, थोडा वेळ ठेवायची, उचलायची, परत ठेवायची. गोंद मऊ पडला की पातळ, बोथट पात्याची पट्टी थोडी गरम करून सुटलेल्या बाजूने आत सारायची. जोर लावायचा नाही, अडलं की परत शेक. मी माझ्या पहिल्या गिटारला इथेच घाई केली होती आणि ब्रिजसोबत फळीचा रुपयाएवढा टवका निघून आला, ती खूण अजून आहे आणि अजून वाईट वाटतं. दोनतीनदा शेकूनही गोंद जराही हलत नसेल तर थांबा, आधी कुणीतरी एपॉक्सी, म्हणजे अ‍ॅरल्डाइटसारखं काही, भरलेलं असू शकतं, ते जाणकाराकडेच न्या.

ब्रिज निघाला की दोन्हीकडचा जुना गोंद खरवडून कोरडं लाकूड दिसू द्या. बऱ्याचदा कारखान्यात ब्रिज पॉलिशच्या वरच चिकटवलेला असतो, तसं असेल तर फक्त ब्रिजखालच्या जागेतलं पॉलिश काढायचं, बाहेर एक रेघही नको. गोंद लाकडासाठीचा पिवळा घ्या, टाइटबॉन्ड ओरिजिनल वगैरे. पांढरा गोंद टेबल-खुर्चीला उत्तम, पण सतत ओढ असली की तो हळूहळू सरकतो. क्लॅम्प रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतील, तिथे जी-क्लॅम्प म्हणून मागा, फक्त जबडा खोल असलेला बघा कारण साउंडहोलमधून ब्रिजपर्यंत साधा छोटा पोचत नाही. आत लाकडाचा सपाट ठोकळा, बाहेर बूच किंवा रबर. आधी गोंद न लावता एकदा पूर्ण रंगीत तालीम करा, कारण गोंद लावल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसायचा, २४ तास हात लावायचा नाही, आणि जमलं तर आणखी एक दिवस थांबून मगच तारा. त्या १० नंबरच्या घ्या, ताण ६० किलोच्या आसपास राहतो, जुन्या लाकडाला तेवढा पुरे.

तरीही तारा उंच वाटल्या तर पहिला आणि चौदावा फ्रेट एकदम दाबून मध्ये सहाव्या-सातव्या फ्रेटवर किती फट राहते बघा, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी बास. जास्त असेल आणि नेकमध्ये ट्रस रॉड (नेकचा बाक सावरणारी आतली सळई) असेल तर अ‍ॅलन कीने पाव फेरा, परत सूर लावा, परत मोजा, एका दिवसात याहून जास्त नको. त्यानंतर सॅडल. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर खाली आणायचं तर सॅडल २ मिलिमीटर घासावं लागतं, आणि घासायचं खालून, सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून. जाड तारेखाली अडीच आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास आलं की हाताला छान लागतं. मिरजेला तानपुऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात ती बघितली असेल तर हे पटकन कळेल, तिथे तार घोडीला किंचित घासून गुंजायला हवी असते, आपल्याला बरोब्बर उलटं हवंय, सॅडलवरून तार एका बिंदूतून स्वच्छ सुटली पाहिजे, नाहीतर झणझण.

प्रश्न : आत्याकडून एक गिटार मिळालीय, तारा अगदी पहिल्या फ्रेटपासूनच बोटभर उंच आहेत. क्लासचे सर म्हणाले नेक गेलीय, फेकून द्या. खरंच काही होणार नाही का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, फेकू नका! नेक वाकली तर तारा मध्यावर आणि पुढे उंच होतात, पहिल्या फ्रेटपाशी नाही. सुरुवातीपासूनच सारख्या उंच असतील तर ती बहुतेक हवाईयन गिटार आहे, मांडीवर आडवी ठेवून, तारांवर लोखंडी कांडी फिरवून वाजवायची. ब्रिजभूषण काब्रांनी याच पद्धतीच्या गिटारवर शास्त्रीय संगीत वाजवलं आणि एकेकाळी घरोघरी मुलीसुद्धा यावर सिनेमाची गाणी शिकायच्या. खोक्यात किंवा आत्याच्या कपाटात बोटाएवढी गुळगुळीत जड कांडी आहे का विचारा. नेक मागून गोल असेल तर नटवर (खुंट्यांकडची तारा टेकतात ती पट्टी) एक धातूची किंवा लाकडाची जादा पट्टी बसवलेली असेल, ती तारा सोडल्या की निघते आणि गिटार साधी होते, पण ती पट्टी जपून ठेवा. नेक मागून चौकोनी असेल तर मात्र ती हवाईयनच, तिला तशीच राहू द्या. आणि आत्यांना वाजवता येत असेल तर त्यांच्याकडूनच शिका की.

प्रश्न : एप्रिलमध्ये फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात, जुलैत तारा वर जातात. दरवर्षी सेटिंग करायचं का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : पुण्याची हवाच तशी आहे, उन्हाळ्यात दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि पावसात ८०च्या पुढे, गिटारला लागते साधारण ४५ ते ५५. फिंगरबोर्डचं, म्हणजे नेकवर बोटं दाबतो त्या पट्टीचं, लाकूड आकसतं, फ्रेटची तार आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर येतात. पावसात फळी फुगून वर येते आणि तारांना उचलते. केसमध्ये आर्द्रता मोजायचा छोटा हायग्रोमीटर ठेवा, उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला पिळलेला स्पंज, पावसात सिलिका जेल. भिंतीला टांगून ठेवत असाल तर ते आधी बंद करा. टोकं घासायचीच असतील तर एप्रिल-मेमध्येच, बारीक कानशीने, एकदाच.

प्रश्न : जुनी गिटार पूर्ण घासून मेलामाइन पॉलिश मारलं तर नव्यासारखी दिसेल ना? खुंट्याही जाम झाल्यात. – एक वाचक, पिंपरी

उत्तर : दिसेल, पण वाजेल दबकी, कारण जाड थर फळीला मोकळं हलू देत नाही. शिवाय साउंडहोलखाली जे ओरखडे आहेत ते कुणाच्या तरी हाताने वर्षानुवर्षं वाजवून पडलेत, ते पुसून टाकावेत असं मला मनापासून वाटत नाही. किंचित ओल्या मऊ कापडाने पुसा, लगेच कोरडं करा. फिंगरबोर्ड शिसवीचा असेल तर साउंडहोल झाकून चार शून्यांच्या स्टील वूलने तंतूंच्या दिशेने मळ काढा आणि लिंबाच्या तेलाचा, म्हणजे फर्निचरसाठी मिळतं त्याचा, हलका हात. खोबरेल नको, खवट होतं. खुंट्यांच्या दात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाका, रात्रभर मुरू द्या, सकाळी दोन्हीकडे हळूहळू फिरवा. नव्वद टक्के वेळा बदलायची वेळ येत नाही.