वर्ष फेब्रुवारीपासून नाही, सप्टेंबरपासून मोजा

जालन्याच्या एका प्राध्यापिकेचं पत्र आलंय. तुरीच्या शेतातल्या मातीतून त्यांनी एक जिवाणू वेगळा केला. त्याची भुकटी बियाण्याला चोळली की मर रोग कमी होतो, असं चाचण्यांत दिसलं. गेल्या १४ सप्टेंबरला एका संस्थेच्या परिषदेत त्यांनी पेपर वाचला. फेब्रुवारीत तो त्याच संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. ‘वर्षभराची सवलत असते ना, मग पेटंटचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीत केला तर चालेल? जिवाणूवर पेटंट मिळतं का? जैवविविधतेची परवानगी आधी लागते का?’

मॅडम, दिवाळी विसरा. पेटंट कायद्याचं कलम ३१ सांगतं की संशोधकाने लर्नेड सोसायटीपुढे (म्हणजे अभ्यासकांच्या विद्वत्संस्थेपुढे) स्वतः वाचलेला किंवा तिच्या नियतकालिकात छापलेला पेपर बारा महिन्यांच्या आत केलेल्या अर्जाच्या आड येत नाही. तुम्ही छापल्यापासून मोजताय, पण शोध उघड झाला तो वाचला त्या दिवशी. म्हणजे १४ सप्टेंबरच्या आत अर्ज गेला पाहिजे. आज जुलै संपत आलाय, हातात जेमतेम सात आठवडे आहेत. पेपर वाचण्याआधी एक साधा प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज केला असता, तर हे सगळं टळलं असतं. दर दुसऱ्या पत्रात मला हेच लिहावं लागतं, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यामागे कुणाची तरी चार-पाच वर्षांची मेहनत असते.

तुम्ही पाठवलेल्या प्रमाणपत्राच्या फोटोत ‘पेपरवाचन’ असं स्वच्छ लिहिलंय, हे फार बरं झालं. तिथे ‘पोस्टर’ असतं तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो. तो कागद, संस्थेच्या नोंदणीची प्रत आणि छापील पेपर एकत्र ठेवा. २०२४ च्या नियमदुरुस्तीपासून या सवलतीसाठी फॉर्म ३१ वेगळा भरावा लागतो. युरोपातली पेटंटची दारं मात्र तुमच्या पेपरवाचनाने बहुधा बंद झाली आहेत, कारण तिथे पेपरवाचनाला अशी सवलत नाही.

दुसरी घाई जिवाणूची. नुसत्या शब्दांत ज्याचं पुरेसं वर्णन होत नाही, असा जिवाणू अर्जाच्या तारखेपर्यंत जिवाणू जतन करणाऱ्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा करावा लागतो. पुण्यात आणि चंदीगडला असे संग्रह आहेत. ते आधी नमुना जिवंत आणि शुद्ध आहे का ते तपासतात, त्यात दिवस जातात.

बाकीच्या प्रश्नांवर ठाम बोलणं कठीण आहे. जिवाणू मातीत सापडला तसाच असेल, तर कलम ३(क) म्हणजे ३(सी) खाली तो निसर्गातली नुसती ‘शोधून काढलेली’ गोष्ट ठरून पेटंट नाकारलं जाण्याची भीती आहे. भुकटी आणि ती बनवायची पद्धत यांवर हक्क मागणं मला जास्त टिकाऊ वाटतं. पेटंट कार्यालयाचा तपासनीस काय म्हणेल ते अर्जात मागितलेल्या हक्कांच्या शब्दांवर ठरेल. जैवविविधता प्राधिकरणाकडची नोंदणी पेटंट मिळण्याआधी हवी, अर्ज करण्याआधी नव्हे, म्हणून त्यासाठी थांबू नका. कॉलेजचा हक्क किती, ते तुमच्या नेमणुकीचं पत्र वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

पेटंट एजंटला आजच फोन करा. आणि उद्या सकाळी फ्रीजमधली ती स्लँट (जिवाणू जपून ठेवलेली नळी) बाहेर काढून त्यातला थोडा जिवाणू नव्या माध्यमावर रेघा ओढून लावा. जिवाणू अजून वाढतोय का, ते आधी बघा.