'स्वखुशीने देत आहे' असे लिहून दिले, आता परत मागता येईल का?

प्रश्न (लांब पत्रातून थोडक्यात) : मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, वय 41. खासगी इस्पितळात परिचारिका होते. लग्नानंतर आम्ही दोघे एका गुरूंच्या सत्संगाला जाऊ लागलो आणि 2014 पासून गोव्यातच त्यांच्या आश्रमात राहिलो. नोकरी सोडली, प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे संस्थेला दिले, दागिने दिले. 2019 मध्ये म्हापशातला दोघांच्या नावावरचा फ्लॅट गिफ्ट डीड (बक्षीसपत्र) करून संस्थेला दिला. वडिलांच्या काजूच्या भाटातला (बागायतीतला) माझा वाटाही संस्थेला, असा स्टॅम्पपेपर करून दिला. एका सेवकाच्या नावे मुखत्यारपत्रही आहे. सगळ्यावर 'स्वखुशीने' असे लिहिले आहे आणि सही माझीच आहे. 20 सप्टेंबर 2023 रोजी, चवथीच्या दुसऱ्या दिवशी, माहेरी आले ती परत गेले नाही. पती अजून आत आहेत. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थोडे लिहिले, तर बदनामीबद्दल 25 लाख मागणारी वकिलाची नोटीस आली. 'परत ये, नाहीतर गुरूंचा कोप होऊन वडील जातील' असे फोन येतात, माझा जुना कबुलीजबाबाचा व्हिडिओ बाहेर काढू म्हणतात. काही मिळेल का? पतीला पोलिसांकरवी बाहेर काढता येईल का? महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा लागेल का? नऊ वर्षे केलेल्या सेवेचा पगार मागता येईल का?

उत्तर : ताई, सही तुमचीच आहे आणि कोर्टात ती नाकारायचीही नाही. सब-रजिस्ट्रारसमोर तुमचा फोटो काढला, अंगठा घेतला, साक्षीदार होते. 'मी सही केलीच नाही' किंवा 'मला बांधून ठेवून सही घेतली' असे कोणी दाव्यात घालायला सांगितले तर त्या वकिलाला नमस्कार करून बाहेर पडा. तुमची बाजू वेगळी आहे, आणि ती पुष्कळ मजबूत आहे.

भारतीय करार कायद्याचे कलम 16 अनुचित प्रभावाबद्दल आहे. एकाचे मन दुसऱ्याच्या कह्यात असावे असे नाते असेल, आणि त्या स्थितीचा फायदा घेऊन गैरलाभ उकळला असेल, तर तो व्यवहार रद्द करता येतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 126 सांगते की ज्या कारणांनी करार रद्द होऊ शकतो, त्याच कारणांनी बक्षीसही मागे घेता येते (मोबदला मिळाला नाही, हे कारण तेवढे चालत नाही, कारण बक्षिसात मोबदला नसतोच). गुरू-शिष्य हे नाते या कलमाचे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. परलोकीच्या कल्याणासाठी एका म्हाताऱ्या शिष्याने सगळी मालमत्ता गुरूला लिहून दिली, त्या 'मन्नू सिंग विरुद्ध उमादत्त पांडे' खटल्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच बक्षीस रद्द केले. म्हणजे तुमच्यासाठी काही नवीन कायदा शोधायचा नाही.

शिवाय असे नाते आणि असा डोळ्यांवर येणारा व्यवहार एकदा दिसला की व्यवहार स्वच्छ होता हे दाखवायचा बोजा घेणाऱ्यावर जातो. आणि इथे 'स्वखुशीने' हा शब्द फारसा उपयोगी पडत नाही. कोर्ट विचारते की मसुदा कोणी केला? वकील कोणाचा होता? सही करण्यापूर्वी बाहेरच्या एखाद्या माणसाला विचारायची मोकळीक होती का? तुमच्या पत्रात आहे की डीड संस्थेच्या वकिलाने आणले, स्टॅम्पड्युटी संस्थेने भरली, संस्थेच्या गाडीतून तुम्हाला म्हापशाला नेले, आणि माहेरी फोन करायचा तर परवानगी लागे. हे तुम्ही पानाच्या तळाशी, सहज म्हणून लिहिले आहे. माझ्या दृष्टीने तुमचा दावा तिथे सुरू होतो. अनुचित प्रभाव मोघम मांडून चालत नाही, तारीख, माणूस, बोललेले शब्द असा तपशील द्यावा लागतो. आजपासून एक वही घाला आणि आठवेल तसे लिहीत जा. आश्रमाचा राग त्यात नको, नुसत्या घटना हव्यात.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. दस्तऐवज रद्द करून घेण्याच्या दाव्याला मुदत कायद्याच्या परिशिष्टातल्या अनुच्छेद 59 नुसार तीन वर्षे मिळतात. संस्था म्हणणार, 2019 पासून मोजा, दावा केव्हाच मेला. आपण म्हणणार, ज्या प्रभावाखाली सही झाली तो प्रभाव असेपर्यंत हक्क कळायचा कसा, म्हणून बाहेर पडल्यापासून मोजा. हा युक्तिवाद टिकणारा आहे, पण तो फक्त 20 सप्टेंबर 2026 पर्यंत टिकतो. त्या दिवशी रविवार आहे. शेवटचा दिवस सुट्टीत पडला तर कोर्ट उघडल्यावर दावा घालता येतो खरा, पण 2026 मध्ये चवथ 14 सप्टेंबरला आहे, आणि त्या आठवड्यात गोव्यात कारकून, टंकलेखक, वकील यांतले कोण सापडते ते तुम्हाला सांगायला नको. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत दावा दाखल झाला पाहिजे.

उशिराने काय होते याचे उदाहरण इंग्लंडात आहे. ऑलकार्ड नावाच्या बाईंनी एका धार्मिक भगिनीसंघात जाऊन आपली संपत्ती प्रमुख बाईंच्या हाती दिली. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बाहेरच्यांचा सल्ला घ्यायचा नाही, असा तिथला नियम. 1879 मध्ये त्या बाहेर पडल्या आणि दावा 1885 मध्ये केला. 1887 मध्ये अपील कोर्टाने प्रभावाची गोष्ट मान्य केली, आणि तरी त्यांना हात हलवत परत पाठवले, कारण त्या इतकी वर्षे गप्प राहिल्या होत्या. तुमचा खटला त्यांच्यापेक्षा कमकुवत नाही. फक्त तुम्ही अजून घरी बसून पत्र लिहीत आहात.

दाव्याच्याही आधी मुखत्यारपत्र. ते आजही जिवंत आहे, म्हणजे तो सेवक उद्या तुमच्या नावाने सही करू शकतो. नोंदणीकृत असेल तर त्याच कार्यालयात रद्दपत्र नोंदवा, त्या सेवकाला रजिस्टर पोस्टाने कळवा आणि स्थानिक दैनिकात जाहीर सूचना द्या. संस्थेचा आर्थिक हितसंबंध त्यात गुंतवल्याची भाषा असेल तर ते रद्द करणे किचकट होते, म्हणून आधी प्रत मिळवा. सब-रजिस्ट्रारकडून प्रमाणित प्रती मिळतात. गिफ्ट डीडचीही घ्या. दाव्यासोबत फ्लॅट विकू नये म्हणून तात्पुरती मनाई मागायची आणि हाउसिंग सोसायटीला पत्र द्यायचे.

काजूच्या भाटाबद्दल मात्र निश्चिंत राहा. वडील हयात आहेत. हयात माणसाच्या मालमत्तेत पुढे वारस म्हणून आपल्याला काही मिळेल ही नुसती आशा असते, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 6(अ) प्रमाणे ती कोणालाही देता येत नाही. त्या स्टॅम्पपेपरला कागदाच्या किमतीपलीकडे किंमत नाही. वर गोव्यात आईवडिलांच्या निम्म्या मालमत्तेवर मुलांचा राखीव हक्क असतो, मुलगी असो वा मुलगा, आणि ठरावीक गंभीर कारणांशिवाय तो काढून घेता येत नाही. भाऊ म्हणतो ना की 'तू तर सगळे आश्रमाला लिहून दिलेस'? त्याला हा परिच्छेद दाखवा.

पण इथेच आपल्या गोव्याच्या कायद्याची दुसरी बाजू येते, जी तुम्ही विचारलेली नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामायिक असते, लग्नानंतर वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे वडिलांच्या पश्चात भाटाचा वाटा तुमच्याकडे आला की त्यात निम्मे पतीचे. पती आश्रमात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देण्याची कोर्टातली कारवाई, निघाली की जावई म्हणून तेही पक्षकार, आणि त्यांच्या मागे कोणाचा वकील उभा असेल हे सांगायला ज्योतिषी नको. तुमच्या संमतीशिवाय त्यांना स्थावर मालमत्ता देऊन टाकता येत नाही, हे संरक्षण आहे. तरी सामायिकी मोडून मालमत्ता विभक्त करून घ्यायची का, हा विचार वडील हयात असतानाच करावा. घटस्फोट घ्या असे मी म्हणत नाही. तो तुमचा प्रश्न आहे आणि पत्रावरून तुम्ही अजून त्यांची वाट पाहता असे दिसते. मात्र फ्लॅटच्या दाव्यात त्यांना पक्षकार करावे लागेल, आणि ते बहुधा संस्थेच्या बाजूने बोलतील. त्या दिवसाची मनाची तयारी ठेवा.

पोलिसांकरवी त्यांना बाहेर काढता येणार नाही. ते सज्ञान आहेत. केरळच्या हादिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सज्ञान व्यक्तीची स्वतःची निवड निर्णायक मानली. पर्वरीला उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करण्याचा, अर्ज केलात आणि पतीने न्यायाधीशांसमोर 'मी माझ्या मर्जीने राहतो' म्हटले, की ते वाक्य संस्था तुमच्याच दाव्यात पुरावा म्हणून वापरील. हा खर्च करू नका.

प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे बँकेतून गेले, त्यामुळे माग आहे. संस्थेच्या पावत्यांवर देणगीसाठीची आयकराची 80 जीची सूट कधी घेतली असेल तर वकिलापासून लपवू नका, समोरचे ती काढणारच. दागिने कठीण. पावती नाही, आणि जंगम वस्तू नुसती हातात दिली तरी बक्षीस पुरे होते. सोनाराची बिले, लग्नाचे फोटो, बँकेच्या लॉकर रजिस्टरमधली तुम्ही लॉकर उघडल्याची तारीख, एवढे गोळा करा. मिळाले तर मिळाले. सेवेच्या पगाराची मागणी मी या दाव्यात घालणार नाही. तिथे नोकरीचे नाते सिद्ध करावे लागेल, आणि 'मी कामगार होते' म्हणत असतानाच 'मी शिष्या होते' म्हणणे मुख्य बाजू पातळ करते.

महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा पत्रादेवीच्या सीमेपलीकडे लागतो, अलीकडे गोव्यात नाही. आश्रम पलीकडे महाराष्ट्रात बांद्याला असता तरी तो अनुसूचीतल्या ठरावीक कृत्यांपुरताच आहे, फ्लॅट दान घेणे त्यात बसत नाही. मात्र दैवी कोपाची भीती घालून एखाद्याला काही करायला लावणे, किंवा तसा प्रयत्न करणे, हा देशभर गुन्हा आहे. पूर्वी दंडसंहितेचे कलम 508 होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे 354. हे कलम लोकांना माहीतच नसते. शिक्षा जास्तीत जास्त एक वर्ष आणि गुन्हा अदखलपात्र, त्यामुळे फार अपेक्षा नको. एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला एक वर्षाचीच मुदत असते, म्हणून आश्रमातल्या जुन्या धमक्या गेल्या, अलीकडचे फोन चालतील. व्हिडिओची धमकी म्हणजे कलम 351 चे धाकदपटशा. त्या बदल्यात पैसे किंवा सही मागितली तर खंडणी, कलम 308. फोन उचलाल तेव्हा रेकॉर्ड करा, मूळ फोन विकू नका, मेसेज पुसू नका. डिचोली पोलीस स्थानकात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. त्यांनी लगेच काही केले नाही तरी त्या पोचीवर तारीख असते.

25 लाखांची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, संस्थेच्या वकिलाचे पत्र आहे. पैसे भरायचे नाहीत, माफी लिहायची नाही. वकिलामार्फत चार ओळींचे उत्तर जाऊ द्या. दावा लागेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर हात आवरा. स्वतःवर गुदरले ते सांगायचा हक्क तुम्हाला आहे, पण 'तिथले सगळे चोर आहेत' हे वाक्य तुम्ही सिद्ध करू शकणार नाही.

पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कायदेशीर सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार स्त्रीला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो आणि कोर्ट फीचाही भार त्यांच्याकडे जातो. तालुका समितीकडे अर्ज करा किंवा 15100 ला फोन करा. पहाटे चारला आपोआप जाग येते आणि जप चुकला म्हणून हात कापतात, असे तुम्ही लिहिले आहे. त्यासाठी बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात जा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 वर बोला. संस्थेचा वकील उलटतपासणीत 'बाई वेड्या आहेत' असे सुचवील, ते त्याला सुचवू दे. उपचार घेणाऱ्या साक्षीदाराला कोर्ट खोटे मानत नाही.

पहिल्या भेटीला गिफ्ट डीड आणि मुखत्यारपत्राच्या प्रती, बँकेचे 2014 पासूनचे उतारे, विवाह नोंदणीचा दाखला, नोटीस पाकिटासकट, आणि ती वही घेऊन जा. शैक्षणिक दाखले आश्रमातच अडकले आहेत म्हणता, तर त्यांच्या मागे धावू नका. बोर्डाकडून आणि नर्सिंग कौन्सिलकडून दुय्यम प्रती काढा. नोकरीचा अर्ज त्यावर होतो.